म्युनिकमध्ये आठवड्याची घडी आणि रविवारची भटकंती

नोकरीच्या निमित्ताने मी म्युनिकला पोहोचले ती शनिवारची रात्र होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध-पाव आणायला खाली उतरले तर रस्त्यावरचे एकूण एक दुकान बंद होते. कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटच्या काचेवर सोमवार ते शनिवारच्या वेळा लिहिलेल्या होत्या. रविवारचा उल्लेखच नव्हता. शेवटी इमारतीतल्या एका आजींनी खुणेने आणि अर्ध्यामुर्ध्या इंग्रजीत मुख्य रेल्वे स्टेशनाकडे, म्हणजे हाउप्टबानहोफकडे, जायला सांगितले आणि तिथे उघड्या असलेल्या दुकानातून त्या दिवसाची गरज भागली. तेव्हा हे शहर मला परके आणि काहीसे रुक्ष वाटले होते. इतक्या वर्षांनंतर मात्र माझे ठाम मत असे आहे की इथला बंद रविवार हीच या शहराने नवख्या माणसाला दिलेली सर्वांत मोठी सवलत आहे, फक्त बाकीच्या सहा दिवसांची घडी त्याभोवती नीट बसवता आली पाहिजे. ती कशी बसवावी आणि मोकळ्या झालेल्या रविवारी कुठे व कसे जावे, हे नव्याने इथे राहायला येणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

सुरुवातीचे एक सरकारी काम मात्र सगळ्यांआधी उरकावे. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाने सही करून दिलेला रहिवासाचा दाखला लागतो. बँक, कर आणि निवासाचा परवाना यांचे बहुतेक कागद या नोंदणीवर अडून बसतात, म्हणून घराच्या किल्ल्या हाती घेतानाच तो दाखला मागून घ्यावा आणि नोंदणी कार्यालयाची वेळ मिळवण्याच्या खटपटीला त्याच दिवशी लागावे.

आता शनिवार. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात दुकाने सोमवार ते शनिवार रात्री आठपर्यंतच उघडी राहू शकतात आणि रविवारी व सार्वजनिक सुट्टीला ती बंद असतात. अपवाद मोजके आहेत: मोठ्या स्टेशनांतली आणि विमानतळावरची दुकाने, पेट्रोल पंप, काही तास उघडणाऱ्या बेकऱ्या आणि आळीपाळीने सेवा देणारी औषधांची दुकाने. याचा अर्थ असा की आठवड्याचा बाजार शनिवारी दुपारपर्यंत आटोपलेला असावा. सायंकाळी सातनंतर गेल्यास भाज्यांचे खण रिकामे आणि पैसे देण्याच्या रांगा लांबच लांब दिसतात. सुट्ट्यांचे कॅलेंडर स्वयंपाकघरात लावून ठेवावे, कारण बव्हेरियातल्या काही सुट्ट्या जर्मनीच्या इतर राज्यांत नसतात आणि दुसऱ्या शहरात राहणारे मित्र त्यांची आठवण करून देत नाहीत. १५ ऑगस्टला इथे मरियमच्या स्वर्गारोहणाच्या सणाची सुट्टी असते, ती तारीख आपल्या लक्षात सहज राहते. इतर सुट्ट्या मात्र मुद्दाम लिहून ठेवाव्या लागतात.

बाजाराला निघताना रिकाम्या बाटल्या बरोबर घ्याव्यात. प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर आणि पेयाच्या पत्र्याच्या डब्यावर २५ सेंट, पुन्हा वापरल्या जाणाऱ्या बाटल्यांवर साधारणपणे ८ किंवा १५ सेंट अशी अनामत, म्हणजे फांड, आपण विकत घेतानाच भरलेली असते. सुपरमार्केटच्या एका बाजूला भिंतीत गोल तोंडाचे यंत्र असते. त्यात बाटली आडवी ठेवली की ती आतल्या आत फिरते, यंत्र तिच्यावरचे चिन्ह वाचते आणि ती आत ओढून घेते, आणि शेवटी बटण दाबल्यावर एक चिठ्ठी बाहेर येते, जी पैसे देताना दाखवली की तेवढी रक्कम वजा होते. बाटली चेपलेली असेल किंवा तिच्यावरचा कागद फाटलेला असेल तर यंत्र ती परत ढकलते, म्हणून बाटल्या घरी चेपून ठेवू नयेत. अनामत नसलेल्या काचेच्या बरण्या मात्र रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत पांढरी, हिरवी आणि तपकिरी अशा रंगांप्रमाणे टाकायच्या असतात, आणि हे कामही शनिवारीच करावे, कारण काच फुटण्याच्या आवाजामुळे रविवारी त्या पेट्या वापरायला मनाई असते.

आवाजाचा हा प्रश्न इथे फार मनावर घेतला जातो. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारचा संपूर्ण दिवस हा शांततेचा काळ, रुहेत्साइट, मानला जातो. भिंतीला भोक पाडणे, फर्निचर ठोकणे, मोठ्याने गाणी लावणे ही कामे रविवारी करू नयेत. कपडे धुण्याच्या यंत्राबाबत प्रत्येक इमारतीचे नियम वेगळे असतात आणि ते बहुधा जिन्याजवळ लावलेले किंवा भाडेकराराला जोडलेले असतात, तेवढे पहिल्याच आठवड्यात वाचून घ्यावेत. शेजाऱ्यांशी संबंध बिघडण्याची कारणे मी पाहिली आहेत, ती बहुतेक वेळा भाषेची नसून रविवारी सकाळी चालवलेल्या ड्रिलची होती.

शनिवार असा मार्गी लागला की रविवार आपला. पहिले काही रविवार शहरातच घालवावेत, असे मी आग्रहाने सांगेन. आल्टे पिनाकोटेक, पिनाकोटेक डेर मोडेर्ने आणि ब्रांडहोर्स्ट या संग्रहालयांत रविवारी प्रवेश केवळ १ युरोत मिळतो. त्यामुळे एका दिवसात सगळे पाहण्याची घाई न करता दर खेपेला दोनच दालने पाहून बाहेर पडता येते. चित्रे पाहण्याची सवय अशीच लागते. दुसरी जागा इझार नदीचा काठ. शहरातून वाहणाऱ्या या नदीला पूर्वी सरळ कालव्यासारखे बांधून टाकले होते. २००० ते २०११ या काळात सुमारे ८ किलोमीटरच्या पट्ट्यात तिचे बांध मोकळे करून तिला पुन्हा गोट्यांचे किनारे आणि बेटे मिळू दिली. उन्हाळ्यात लोक तिथे पोहतात, पण पाणी डोंगरातून येते, ते थंड असते आणि बंधाऱ्यांपाशी ओढ धोकादायक असते, तेव्हा गुडघाभर पाण्यात बसण्यातच समाधान मानावे.

बीअर गार्टनविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण मद्य न घेणारी आपली माणसे नावावरूनच तिकडे फिरकत नाहीत आणि एका चांगल्या गोष्टीला मुकतात. १८१२ मध्ये राजा पहिला माक्सिमिलियान योझेफ याने बीअर बनवणाऱ्यांना आपल्या तळघरांपाशी बीअर विकायला परवानगी दिली, मात्र पावाखेरीज अन्न विकण्यास मनाई केली. त्यामुळे लोक घरून खाणे आणू लागले आणि ती रीत आजही टिकून आहे. ज्या टेबलांवर कापड अंथरलेले नसते तिथे आपला डबा उघडून बसावे, पेय तेवढे त्यांच्याकडून घ्यावे. सफरचंदाचा रस आणि सोडा यांचे आपफेलशोर्ले सगळीकडे मिळते. एंग्लिशर गार्टन या १७८९ मध्ये सुरू झालेल्या विस्तीर्ण बागेतल्या चिनी मनोऱ्याखाली, चेस्टनटच्या सावलीत, मी दशम्या आणि लसणाची चटणी काढून बसले होते तेव्हा समोरच्या बाकावरच्या कुटुंबाने आपला मुळा आणि मीठ माझ्याकडे सरकवले आणि दशमीचा तुकडा मागून घेतला. इथल्या लोकांशी माझी पहिली निवांत ओळख झाली ती अशी. मोकळी जागा दिसली की विचारून त्याच बाकावर बसायचे असते, त्यामुळे ती तशी होणे अगदी स्वाभाविक आहे.

बाहेर पडायचे तर आधी तिकिटांचा हिशेब समजून घ्यावा. नोकरी करणाऱ्याने शक्यतो डॉइचलांड-तिकीट घ्यावे. मे २०२३ मध्ये ते महिन्याला ४९ युरोने सुरू झाले, २०२५ मध्ये त्याची किंमत ५८ युरो झाली आणि पुढे ती आणखी वाढली. तरीही शहरातली बस, ट्राम, भुयारी रेल्वे आणि देशभरातल्या स्थानिक गाड्या एकाच तिकिटावर चालतात, म्हणून महिन्यातून दोन सहली केल्या तरी ते परवडते. अनेक कंपन्या त्यातला काही भाग उचलतात, तेव्हा आपल्या कार्यालयात आधी विचारावे. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: हे तिकीट आयसीई आणि आयसी या जलद गाड्यांत चालत नाही, आणि ते नावावर असल्याने ओळखपत्र जवळ लागते. शिवाय ते दरमहा आपोआप पुढे चालू राहते. बंद करायचे असल्यास चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावे लागते.

पाहुणे आले असतील तर बायर्न-तिकीट सोयीचे. ते पाच जणांपर्यंत एकत्र घेता येते, माणसे वाढली की माणशी खर्च झपाट्याने कमी होतो, आणि त्यावर बव्हेरियातल्या स्थानिक गाड्यांबरोबर ऑस्ट्रियातल्या झाल्झबुर्ग स्टेशनापर्यंतही जाता येते. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर लागू होते, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच. तिकिटावर प्रवाशांची नावे लिहायची असतात आणि ती गाडी सुटण्यापूर्वी लिहावीत. शहरातली साधी तिकिटे किंवा अनेक प्रवासांसाठीचे पट्ट्यांचे तिकीट वापरणाऱ्याने फलाटावर जाण्यापूर्वी ते निळ्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा. खिशात तिकीट असूनही शिक्का नसेल तर विनातिकीट प्रवास समजून ६० युरो दंड होतो आणि नवीन आहे, माहीत नव्हते, ही सबब ऐकली जात नाही.

पहिल्या सहली जवळच्या असाव्यात. एस-६ या उपनगरी गाडीने श्टार्नबेर्ग स्टेशनावर उतरले की रूळ ओलांडताच तलाव समोर येतो, आणि उन्हाळ्यात तिथूनच बोटी सुटतात. याच तलावात, बेर्ग गावाजवळ, १३ जून १८८६ रोजी बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग आणि त्याचे डॉक्टर गुडेन हे मृतावस्थेत सापडले. पाण्यात उभा केलेला क्रूस ती जागा दाखवतो. एस-८ या गाडीचे शेवटचे स्टेशन हेरशिंग, तिथून कीनटाल नावाच्या झाडीभरल्या घळीतून तासा-सव्वातासात आंडेक्स या टेकडीवरच्या बेनेडिक्टाइन मठात चढून जाता येते. नव्याने चालायला लागलेल्यांसाठी याहून चांगली वाट मला ठाऊक नाही: चढ आहे पण दमछाक होत नाही, चुकायला फाटे फार नाहीत, आणि वर पोहोचल्यावर खाण्याची सोय आहे.

त्यानंतर टेगर्नझे हा तलाव. ही गाडी घेताना एक गोष्ट जपावी, आणि ती मी स्वतः चुकून शिकले आहे. म्युनिकहून दक्षिणेला निघणारी ही गाडी एकमेकींना जोडलेल्या स्वतंत्र गाड्यांची असते. होल्झकिर्शेनला एक भाग सुटून बायरिशत्सेलकडे जातो आणि शाफ्टलाखला उरलेल्यातला एक टेगर्नझेकडे, दुसरा लेंग्रीसकडे वळतो. भागांना जोडणारी वाट आतून नसते. मी गर्दीत दिसेल त्या दारातून चढले, खिडकीशी जागा मिळाल्याच्या आनंदात राहिले, आणि शाफ्टलाखला थोडा वेळ थांबलेली गाडी पुन्हा हलली तेव्हा शेजारच्या रुळावरून आपली गाडी वेगळ्या दिशेने जाताना पाहिली. डब्याच्या बाहेर आणि आत पाटीवर त्या भागाचे शेवटचे स्टेशन लिहिलेले असते. चढण्यापूर्वी ते वाचावे, आणि शंका असल्यास बसलेल्या प्रवाशाला केवळ त्या गावाचे नाव प्रश्नार्थक स्वरात म्हणून दाखवावे, तेवढे पुरते. मी लेंग्रीसच्या वाटेवरच्या बाड टोल्झला उतरले. भिंतींवर चित्रे रंगवलेल्या घरांच्या उतरत्या बाजारपेठेतून खाली गेले तर पुलाखालून इझार वाहत होती, तीच, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर असलेली नदी, पण इथे ती जास्त हिरवी आणि अंगात जोर असलेली होती. टेगर्नझे राहून गेला, पण ही नदी टिरोलच्या डोंगरांत उगम पावून मिटेनवाल्ड, बाड टोल्झ, म्युनिक, फ्रायझिंग आणि लान्ड्सहुट अशी उतरत डॅन्यूबला मिळते हे त्या दिवशी नकाशावर पाहिले आणि पुढच्या वर्षभर एकेका रविवारी यांतल्या प्रत्येक गावी जाऊन आले. सहलींना असा एखादा धागा असला की कुठे जावे हा प्रश्न दर आठवड्याला नव्याने पडत नाही.

लुडविग राजाचे किल्ले पाहायला सगळेच जातात. नॉयश्वानश्टाइनसाठी फ्युसेनपर्यंत साधारण दोन तासांची गाडी, तिथून बस आणि मग अर्ध्या-पाऊण तासाचा चढ आहे. बांधकाम १८६९ मध्ये सुरू झाले, राजा तिथे सगळे मिळून १७२ दिवस राहिला आणि त्याच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच तो लोकांसाठी उघडण्यात आला. २०२५ मध्ये त्याच्या इतर तीन वास्तूंसह त्याची जागतिक वारशात नोंद झाली, त्यामुळे गर्दी कमी होण्याची आशा धरू नये. आत जाण्याची वेळ ठरलेली असते आणि ती आधीच ऑनलाइन राखून ठेवावी, नाहीतर दिवसभराचा प्रवास करून केवळ बाहेरून पाहून परतावे लागते. वृद्ध आई-वडील आले असतील तर मी त्यांना इथे न नेता कीमझे या तलावाकडे नेते. प्रीनपर्यंत सुमारे तासाभराची गाडी, तिथून धक्क्यापर्यंत हंगामात १८८७ पासून धावणारी छोटी आगगाडी, मग बोट. हेरेनइन्झेल बेटावर व्हर्सायच्या नमुन्यावर बांधलेला राजवाडा आणि फ्राउएनइन्झेल बेटावर आठव्या शतकात स्थापन झालेला जोगिणींचा मठ. बेटांवर मोटारी नाहीत, वाटा सपाट आहेत आणि दोन बोटींच्या मध्ये पाण्याकाठी बसायला भरपूर वेळ मिळतो.

झाल्झबुर्गला जाताना मूळ पासपोर्ट आणि निवासाचे कार्ड दोन्ही बरोबर घ्यावे, मोबाइलमधला फोटो चालणार नाही. जर्मनीचा निवासाचा परवाना असलेल्याला ऑस्ट्रियात फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही, पण परतीच्या वाटेवर पोलीस गाडीत चढून कागद तपासतात. पावसाळी रविवारी आउग्सबुर्ग चांगले: याकोब फुगर या धनाढ्य व्यापाऱ्याने १५२१ मध्ये गरिबांसाठी बांधलेली फुगराई ही वसाहत तिथे आजही नांदती आहे आणि तिचे वर्षाचे मूळ भाडे ८८ सेंट एवढेच आहे, त्याशिवाय रहिवाशांनी रोज तीन प्रार्थना म्हणाव्यात अशी अट आहे.

डाखाउला सहल म्हणून जाऊ नये, पण जावे. एस-२ गाडी आणि पुढे ७२६ क्रमांकाची बस यांनी तासाभरात पोहोचता येते आणि प्रवेश विनामूल्य आहे. २२ मार्च १९३३ रोजी सुरू झालेल्या या छळछावणीत २ लाखांहून अधिक माणसे डांबली गेली आणि किमान ४१,५०० जणांचा मृत्यू झाला. २९ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकी सैन्याने ती मुक्त केली. लहान मुलांना नेऊ नये, त्याच दिवशी दुसरे काही ठरवू नये, आणि आत छायाचित्रांसाठी उभे राहू नये. मी एकटी गेले होते. परतताना गाडीत कुणाशी बोलावेसे वाटले नाही.

डोंगराकडे जाणाऱ्यांनी मात्र अधिक सावध असावे. गार्मिश-पार्टेनकिर्शेनला साधारण दीड तासात पोहोचता येते. तिथली सुमारे ७०० मीटर लांबीची पार्टनाखक्लाम घळ नवख्यांनाही जमते, आणि २,९६२ मीटर उंचीच्या त्सुगश्पित्से या जर्मनीतल्या सर्वोच्च शिखरावर रोपवे जातो. पायवाटांवरच्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नसते, चालायला लागणारा वेळ असतो, आणि तो सवय असलेल्या माणसाचा असतो. पहिल्या वर्षी त्याच्या दीडपट धरावा. निळी खूण सोपी, लाल मध्यम आणि काळी अवघड वाट दाखवते. काळीच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नये. उन्हाळ्यात दुपारनंतर वादळी पाऊस येतो, म्हणून सकाळी लवकर निघून दुपारपर्यंत उतरणीला लागावे. दक्षिणेकडून फ्योन नावाचा कोरडा उबदार वारा सुटला की शहरातूनही आल्प्स हाताच्या अंतरावर दिसतात. अशा दिवशी मोह होतो, पण तो वारा पडला की हवा झटकन पालटते. डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो हे लक्षात ठेवून परतीची वेळ ठरवावी, खाली येणाऱ्या शेवटच्या रोपवेची वेळ वर जातानाच पाहून घ्यावी आणि डोंगरातल्या विश्रामगृहांसाठी थोडी रोख रक्कम जवळ ठेवावी. अपघात झाल्यास ११२ हा क्रमांक. जीवघेणे नसलेल्या आजारासाठी सुट्टीच्या दिवशी डॉक्टर हवा असल्यास ११६११७.

निघण्याच्या आदल्या रात्री गाड्यांचे वेळापत्रक पुन्हा पाहावे. रुळांची दुरुस्ती बहुधा शनिवार-रविवारीच काढलेली असते आणि एखाद्या टप्प्यात गाडीऐवजी बस लावलेली असते. ती स्टेशनाबाहेर नेमकी कुठे उभी राहते ते शोधण्यातच पुढची गाडी चुकते. लहान गावांना जाणाऱ्या गाड्या बहुतेक ठिकाणी तासाला एक असतात, तेव्हा परतीच्या दोन गाड्या लिहून ठेवाव्यात आणि शेवटच्या गाडीवर कधीही अवलंबून राहू नये.

परतीच्या बहुतेक गाड्या हाउप्टबानहोफलाच येऊन थांबतात. संध्याकाळी उतरल्यावर मी तिथल्या दुकानात वळते आणि सोमवारच्या चहापुरते दूध घेते. रांगेत कधी कधी नुकतेच आलेले कुणीतरी दिसते, हातात पाव, मोबाइलवर नकाशा उघडलेला. विचारलेच, तर मी त्यांना आधी हेरशिंगची गाडी कुठल्या फलाटावरून सुटते ते सांगते.